‘ग्राहकापासीं’ : विक्रीवरील धर्मादायाचा दाता कोण?

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव आज संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ओळखले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’च्या ग्रीक लेखकाने त्याची नोंद केली ती मात्र तगर या नावाने, आणि दक्षिणापथातील एक थोर बाजारपेठ म्हणून. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. या पेठेची कीर्ती एवढी की, पुढे कोकण व कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार राजेही स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत राहिले.

याच शिलाहारांपैकी गंडरादित्याच्या कारकिर्दीतील शके १०५८ चा एक कानडी शिलालेख कोल्हापुरात आहे. निंबदेव सामंताच्या जैन मंदिरासाठी वीरबलंज व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या मालावर धर्मार्थ आकारणी ठरवून दिल्याचे त्यात नमूद आहे. अय्यावळे येथील पाचशे स्वामींच्या नावाने वावरणारा हा व्यापारीसंघ दक्षिणेत सर्वत्र पसरलेला होता. विक्रीतील अंश धर्मकार्यास लावून देण्याची रीत केवढी जुनी आहे, हे सांगण्यास एवढा एक दाखला पुरे. परंतु तिच्या प्राचीनत्वापेक्षा महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. हा अंश देतो कोण? दुकानदार, गिऱ्हाईक, की माल पिकविणारा? दानलेखात एकाचे नाव कोरले जाते आणि पैसा दुसऱ्याच्याच कनवटीचा असतो, असे तर होत नाही ना?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मराठीच्याच एका आद्य कोरीव लेखात सापडते. चाळीसगावनजीकच्या पाटण येथील शके ११२८ चा हा लेख प्रथम डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला व कीलहॉर्न यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात संपादिला. भास्कराचार्यांचा नातू आणि यादव सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. यादवांचा मांडलिक सोइदेव निकुंभ याने त्यास देणगी दिली. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. दानाचा खरा तपशील मात्र शेवटी मराठीत उतरला आहे, आणि हे सहज समजण्याजोगे आहे. स्तुती संस्कृतात चालते. तेल कोणी किती द्यावयाचे हे तेल्याला कळेल अशाच भाषेत लिहावे लागते.

या मराठी भागात बाजारात उघडल्या जाणाऱ्या मालाला ‘केणें’ म्हटले आहे. क्रय-विक्रयाच्या ‘क्री’ धातूच्या कुळातला हा शब्द. मालावरील जी मिळकत ‘राउळा’ची, म्हणजे राजकुळाची होती, ती मठाला दिली; ब्राह्मणांनी आपल्या हक्काचे ‘ब्रह्मोत्तर’ दिले; आणि एक लहानसा आकार ‘नगरें दीन्हला’. येथील ‘नगरें’ ही तृतीया कर्त्याची आहे. नगर, म्हणजे पेठेतील प्रतिष्ठितांची संस्था, ही व्याकरणदृष्ट्या दानाची कर्ती ठरते. पण त्याच नोंदींत वारंवार येणारे दुसरे पद आहे ‘ग्राहकापासीं’. दामाचा विसावा हिस्सा ग्राहकापासीं, पाच पोफळी ग्राहकापासीं. ‘पासीं’ हे पद संस्कृत ‘पार्श्व’ शब्दापासून आलेले. ज्याच्या बाजूने वस्तू निघते तो येथे निर्देशिला आहे. एका वाक्यात देणारा आणि जेथून येते तो, असे दोघे दोन निरनिराळ्या रूपांनी दाखविले गेले आहेत. नगराने दिला तो पैसा नव्हे, तर पैसा वसूल करण्याचा अधिकार होय. घाण्यामागे पळीभर तेलाची नोंद तेवढी वेगळी पडते. तेथे उत्पादकाच्या स्वतःच्या मालाचाच अंश निघतो.

या पद्धतीचा विशेष कळण्यासाठी नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख शेजारी ठेवावा. नहपानाच्या या जावयाने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. पैकी २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज होते. पहिल्या रकमेचे वर्षाचे २४० होतात आणि वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ प्रमाणे तेवढेच लागतात. हिशेब चोख आहे, आणि दात्याविषयी शंका नाही. मूळ धन त्याचे. श्रेणी ते केवळ सांभाळणार. विक्रीवरील अंश हा असा स्थिर नसतो. बाजार भरला तर मठ पोसला जातो, बाजार ओस पडला तर दिवा विझतो. शिवाय तो असंख्य अनामिकांकडून थेंबाथेंबाने गोळा होतो. म्हणूनच त्यात दात्याचे नाव हरवते.

अर्वाचीन व्यापारी वह्यांत या अंशाला ‘धर्मादाय’ हे नाव पडले. ‘दाय’ शब्दाचे दोन अर्थ आहेत, देणगी आणि वाटा. दायाद व दायभाग या शब्दांत दुसरा अर्थ ठळक आहे. पेठेतील धर्मादायात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मात्र पाटणच्या लेखाच्या तुलनेत एक मोठा बदल झालेला दिसतो. धान्य व कापूस यांच्या आडत बाजारात धर्मादाय बहुधा शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून, आडत, हमाली व तोलाई यांच्या पंगतीला बसवून कापला जाऊ लागला. ‘ग्राहकापासीं’ येणारा अंश आता विकणाऱ्यापासून येऊ लागला, आणि हा विकणारा बाजारातला सर्वांत दुबळा घटक होता. मंदिर, पांजरपोळ वा पाणपोई उभी राहिली की तिच्यावर नाव मात्र पेढीचे लागे. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेतकी आयोगाने १९२८ च्या अहवालात अशा कपातींवर टीका करून नियंत्रित बाजारांची शिफारस केली. धाराशिव जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. तेथेही १३३९ फसलीचा, म्हणजे १९३० चा, शेतमाल बाजार कायदा झाला. लातूरची मोठी पेठ १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात मोडत असे. त्या पेठेशी ज्यांचा संबंध आला त्या शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न पुण्याचा नव्हता. घरी किती रुपये येतात याचा होता. पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने बाजारातील आकारणीवर अधिक कडक बंधने घातली.

मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ५४ ने प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूस हात घातला. व्यापाराच्या रूढीने वा कराराने धर्मादाय म्हणून जी रक्कम आकारली वा गोळा केली जाते, तिचा गोळा करणारा हा विश्वस्त समजावा, आणि त्याने तिचा हिशेब सादर करावा, अशी ही तरतूद आहे. व्यापारी येथे दाता राहिला नाही. तो उषवदाताच्या विणकरांप्रमाणे सांभाळणारा ठरला.

न्यायालयांत मात्र वाद शब्दावरूनच झाला. मुंबईकडील रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या दाव्यात १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने ‘धरम’ या शब्दाचा अर्थ अनिश्चित म्हणून त्या नावाने ठेवलेले मृत्युपत्रातील दान रद्द केले होते. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या दाव्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला शब्द ‘धर्मादा’ हा होता. गिऱ्हाइकांकडून किमतीसह घेतलेली ती रक्कम कंपनीचे उत्पन्न धरावी, असे आयकर खात्याचे म्हणणे. न्यायालयाने ‘धरम’ आणि ‘धर्मादा’ यांत भेद केला. नुसता ‘धरम’ शब्द संदिग्ध असेल. पण व्यापारी रूढीत ‘धर्मादा’ला दानाचा ठाम अर्थ आहे. म्हणून ही रक्कम ग्राहकाने त्या हेतूने दिलेली, व्यापाऱ्याकडे विश्वासाने आलेली. ती त्याच्या उत्पन्नात धरता येणार नाही. मालाबरोबर ती द्यावीच लागते, एवढ्याने ती किमतीचा भाग होत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. न्यायालयाच्या दृष्टीने रक्कम देणारा तो ग्राहक, म्हणजे पाटणच्या लेखात ‘पासीं’ प्रत्यय लागलेला तोच.