निकेल-कॅडमियम विद्युत् घट

निकेल-कॅडमियम विद्युत् घट : पुन्हा पुन्हा विद्युत् भारित करून वापरता येणारा क्षारीय संचायक घट. याच्या धनाग्रावर निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड व ऋणाग्रावर कॅडमियम असून विद्युत् विच्छेद्य म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडाचा जलीय विद्राव वापरतात. घटाचा विद्युत् दाब सु. १·२ व्होल्ट असतो.

इतिहास : स्वीडिश संशोधक व्हाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये हा घट तयार केला. त्या काळी प्रचलित असलेल्या शिसे-अम्ल घटापेक्षा तो दणकट होता. परंतु कॅडमियम महाग असल्याने त्याचा प्रसार मंद गतीने झाला. १९३२ मध्ये सच्छिद्र निकेल पट्टिकांमध्ये क्रियाशील द्रव्य बसविण्याची पद्धत निघाली व घटातून अधिक प्रवाह मिळू लागला. मात्र भारणाच्या अखेरीस वायू निर्माण होत असल्याने घट पूर्ण बंद करता येत नसे. ध्वनिग्राहकांचे जर्मन निर्माते गेओर्ख नॉइमान यांनी १९४७ मध्ये ही अडचण दूर केली. ऋणाग्राची धारणक्षमता जास्त ठेवल्यास प्रथम धनाग्रावर ऑक्सिजन निर्माण होतो व तो कॅडमियमाशी संयोग पावून घटातच शोषला जातो.

उपयोग : मोहोरबंद घटामुळे बिनतारी हत्यारे, कॅमेरे, विजेऱ्या व सुवाह्य दूरध्वनी यांना सोईचा विद्युत् पुरवठा लाभला. विमाने, रेल्वे व कृत्रिम उपग्रह यांतही हे घट वापरले गेले. १९९० नंतर निकेल-धातू हायड्राइड व लिथियम-आयन घटांनी यांची जागा घेतली.

विल्हेवाट : ज्या कॅडमियमाने घटाला दीर्घायुष्य दिले, तेच त्याच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण ठरले. कॅडमियम मूत्रपिंडात साठते व हाडे ठिसूळ करते. जपानमध्ये खाणीच्या सांडपाण्यातून जिन्झू नदीत व तेथून भातात उतरलेल्या कॅडमियमामुळे ‘इताई-इताई’ (‘दुखते, दुखते’) हा रोग झाल्याचे शासनाने १९६८ मध्ये मान्य केले. हा रोग घटांमुळे झाला नव्हता. तथापि कचऱ्यात टाकलेला घट गंजला वा जाळला गेला, तर तीच धातू माती, पाणी व हवा यांत मिसळते. यूरोपीय संघाने २००६ च्या निदेशाने सुवाह्य घटांतील कॅडमियम वजनाच्या ०·००२ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले; बिनतारी हत्यारांना दिलेली सूट २०१६ अखेर संपली. भारतात २०२२ च्या नियमांनुसार वापरलेले घट परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कॅडमियम सु. ७६५° से. तापमानास उकळते, त्यामुळे बंद भट्टीत ऊर्ध्वपातनाने ते वेगळे करून पुन्हा वापरता येते.