कॉकपिट निचरा नळी

कॉकपिट निचरा नळी ही शिडाच्या नौकेच्या कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळील खोलगट बैठकीच्या जागेत, साचणारे पाणी बाहेर सोडणारी लवचिक नळी होय. तिचे वरचे टोक कॉकपिटच्या तळातील छिद्राला, तर खालचे टोक नौकेच्या कवचातील सीकॉक या झडपेला जोडलेले असते. अनेक जुन्या नौकांत ही झडप जलरेषेखाली असते आणि पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून ती उघडी ठेवली जाते. अशा स्थितीत नळी फाटल्यास किंवा निसटल्यास समुद्राचे पाणी आत शिरून नांगरलेली, निर्मनुष्य नौकाही बुडू शकते.

निवड

कालांतराने रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. नळीतील पोलादी तारही गंजते. बदली नळीचा आतील व्यास जोडतोंडाच्या बाहेरील व्यासाइतका असावा लागतो. जलरेषेखाली सागरी वापराची, जाड व तारेने बळकट केलेली रबरी नळी वापरतात; तारेमुळे ती वळणावर चपटी होत नाही. पातळ पन्हळी नळी येथे अयोग्य ठरते. व्यास २५ मिलिमीटरवरून ३८ मिलिमीटर केल्यास छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २.३ पट होते. मात्र छिद्र व झडप अरुंदच राहिल्यास त्याचा फारसा लाभ होत नाही.

जोडणी

प्रत्येक टोकाला शक्यतो स्टेनलेस स्टीलच्या दोन क्लिपा बसवतात. काही नौकांत डाव्या छिद्राची नळी उजव्या झडपेला आणि उजव्या छिद्राची डाव्या झडपेला जोडतात. त्यामुळे नौका एका बाजूला कलली असता बाहेरचे पाणी उलट कॉकपिटमध्ये चढत नाही.