अडीच एकराचा हेक्टर

मराठवाड्यातल्या घाटनांदूरला कुणालाही विचारा, हेक्टर म्हणजे किती? उत्तर तयार असतं : अडीच एकर. आणि आर? गुंठाच की! सातबारा हेक्टर-आरमध्ये, सौदा एकर-गुंठ्यात. मधला पूल या दोन पाठ वाक्यांचा. कुणी शंका काढलीच तर म्हणतात, आता मोबाइल आहे, तो बरोबर सांगतो.

आधी या मताची बाजू घेऊ. सोयाबीन एकरी तीस किलो पेरायचं असेल, तर हेक्टर अडीच एकराचा धरल्यानं हेक्टरामागे किलोभर बियाण्याचाही फरक पडत नाही. खताचंही तसंच. पेरणीपुरता हा हिशेब शहाणपणाचाच आहे.

पण वाटणी, खरेदीखत आणि भूसंपादनाचा मोबदला म्हणजे पेरणी नव्हे. गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. आर १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०७६. एका गुंठ्यामागे सुमारे तेरा चौरस फूट कुणी मोजत नाही. मात्र अडीच एकरावर, म्हणजे शंभर गुंठ्यांवर, तो फरक १२६१ चौरस फुटांवर जातो. एक गुंठा आणि वर अडीच आणे (गुंठ्याचे आणे सोळा)! खरा हेक्टर ९८.८४ गुंठ्यांचा. अडीच एकराचे पैसे मोजून हेक्टर घेणारा तेवढ्याला बुडतो. अडीच एकर देऊन हेक्टराचा मोबदला घेणाराही तेवढ्यालाच. गावाबाहेरच्या माळावर हे सोसेल, रस्त्याकडेच्या प्लॉटला एवढ्यात घर उभं राहतं.

तरीही ही चूक लहानच. मोठी चूक मोबाइलवाल्या मतात आहे. आपण तोंडानं ‘दोन एकर वीस गुंठे’ म्हणतो आणि कागदावर २.२० लिहितो. एकरात गुंठे चाळीस, म्हणून ही जमीन अडीच एकर. मोबाइल मात्र ते टिंब दशांशाचं समजतो आणि २.२० म्हणजे दोन एकर आठ गुंठे धरतो. एकरी दहा लाखांचा भाव असेल तर पंचवीस लाखांच्या जागी बावीस लाख. हेक्टर करायला सांगा, ०.८९ येईल, खरं उत्तर १.०१. यंत्र चुकलं नाही, त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर त्यानं दिलं. तीच जमीन तीन भावांत वाटताना २.२० ला तीननं भागलं की ०.७३ येतं. त्र्याहत्तर गुंठे म्हणावेत तर तिघांचे मिळून जवळपास साडेपाच एकर होतात! प्रत्येकाच्या वाट्याला खरे येतात ३३ गुंठे आणि पाच आणे, वर थोडं.

मग एकर-गुंठेच मोडीत काढा, असं शिकलेली मंडळी म्हणतात. हेही पटत नाही. हेक्टर-आरमध्येही एक हेक्टर पाच आर असं न लिहिता १.५ लिहिणारे आहेत, आणि १.५ म्हणजे दीड हेक्टर. शिवाय १९५६पर्यंत आपल्याबरोबर एकाच हैदराबाद राज्यात असलेल्या बीदरच्या पहाणीत, म्हणजे तिथल्या सातबाऱ्यात, आजही एकर-गुंठेच चालतात; सीमेवरच्या सोयऱ्याधायऱ्यांना दोन्ही मापं लागणारच. आणि देशी-परदेशीचा वाद तर अगदीच पोकळ. आर फ्रान्सच्या १७९५च्या कायद्यातून आला हे खरं, पण गुंठ्याची ३३ फुटी बाजूही एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाच्या ६६ फुटी साखळीची बरोबर अर्धी आहे.

दोष मापाचा नाही, मापाचं नाव न घेता आकडा लिहिण्याचा आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५०च्या सुमारास, पहिल्या गणिताआधी परिभाषा येते : नाणी, वजनं, लांबी, क्षेत्र, धान्याची मापं. आमच्या शाळांत दशांश शिकवतात, एककांचं कोष्टकही पाठ करून घेतात. सातबारा मात्र पोरांपुढे ठेवत नाहीत. पाचवी-सहावीच्या वर्गात घरचा उतारा वाचून घेतला, तर गावातले निम्मे तंटे कमी होतील असं मी म्हणणार नाही. तंट्यांना कारणं पुष्कळ आहेत. हिशेबाचं एक कारण तरी जाईल.

तोवर एवढं करा. इसारपावती असो की वाटणीपत्र, क्षेत्र टिंब देऊन लिहू नका. ‘दोन एकर वीस गुंठे’ असं अक्षरी लिहा, शेजारी सातबारावरचे हेक्टर-आर तसेच उतरवा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय सही करू नका.