क जीवनसत्त्वाचे माप : एका फसलेल्या आकड्याचा इतिहास



मी होमिओपॅथीचा डॉक्टर. रसायनशास्त्राच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलो याचे कोणाला नवल वाटेल, म्हणून कारण आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका मधुमेही रुग्णाच्या घरून रात्री फोन आला. घरच्या यंत्रावर साखर फार वाढलेली दिसत होती. इन्सुलिन वाढवू का, असा प्रश्न होता. पण गृहस्थांना दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. ही लक्षणे साखर उतरल्याची. मी इन्सुलिन थांबवून त्यांना तातडीने रुग्णालयात धाडले. तेथे शिरेतील रक्त तपासले, तर साखर खरोखरच उतरलेली. चौकशीअंती कळले की, त्याच दिवशी त्यांनी एके ठिकाणी क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा सलाइनमधून घेतली होती. साखरेची पट्टी या जीवनसत्त्वाला फसली कशी, याचा शोध घेताना पुढील इतिहास हाती आला.

स्कर्व्ही हा खलाशांचा काळ होता. हिरड्या सुजत, दात हलत, माणूस खंगून मरे. 1747 मध्ये ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरने बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. तरी ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नियमाने द्यायला 1795 साल उजाडले. लिंबात नेमके काय आहे, हे कळायला तर विसावे शतक यावे लागले. सेंट-ग्यॉर्गी यांनी हंगेरीतील सेगेद येथे लाल मिरचीच्या जातीच्या पाप्रिकेतून हे द्रव्य भरपूर मिळवले. 1937 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

द्रव्य हाती आले, आता ते मोजायचे कसे? क जीवनसत्त्वाचा स्वभाव दानशूर. ते दोन इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकते. एका निळ्या रंगद्रव्यात त्याचा रस थेंबथेंब टाकला की रंग उडतो. किती थेंबांनी उडाला, यावरून माप काढत. पण गडद रंगाच्या रसात हे डोळ्याला नीट दिसत नाही. मग इलेक्ट्रॉन थेट विजेच्या तारेने मोजावेत, हा विचार आला. त्याची वाट प्रागच्या हेरॉव्हस्की यांनी 1922 मध्ये पाऱ्याच्या थेंबांच्या इलेक्ट्रोडने खुली केली होती.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे राल्फ अ‍ॅडम्स यांनी 1958 मध्ये ग्राफाइटची पूड तेलात कालवून इलेक्ट्रोड बनवला. 1973 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी तसला बारीक इलेक्ट्रोड जिवंत उंदराच्या मेंदूत बसवला. जैन घरात वाढलेल्या मला हे वाक्य सहज उच्चारता येत नाही. पण इतिहास सांगायचा तर गाळता येत नाही. मेंदूतील डोपामिनसारखी संदेशवाहक द्रव्ये मोजावीत, हा त्यांचा हेतू. विजेचा प्रवाह दिसला. पण पुढे लक्षात आले की तो बहुतांशी क जीवनसत्त्वाचाच आहे! उंदीर आपले क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतो, आणि मेंदूत ते डोपामिनच्या कितीतरी पट असते. साध्या इलेक्ट्रोडवर दोघेही जवळपास सारख्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन देतात, त्यामुळे कोणाचा प्रवाह किती, हे कळेना.

याच दशकात अमेरिकेत रॉयस मरी आदींनी इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर हवी ती रसायने मुद्दाम बांधायला सुरुवात केली. क जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन द्यायला तयार असले, तरी नुसत्या कार्बनवर ते अडखळते, जादा व्होल्टेज मागते. मध्ये फेरोसीन किंवा प्रशियन ब्ल्यू यांसारखे द्रव्य बसवले, की ते बाजारातल्या अडत्यासारखे वागते : एका हाताने इलेक्ट्रॉन घेते, दुसऱ्या हाताने तारेला देते आणि स्वतः होते तसे राहते. व्यवहार कमी व्होल्टेजला उरकतो, म्हणून डोपामिन आणि यूरिक आम्ल यांच्यापासून क जीवनसत्त्व वेगळे ओळखू येते. अ‍ॅडम्स यांच्या गटाने 1984 मध्ये उलट बाजूने तोच प्रश्न सोडवला. त्यांनी इलेक्ट्रोडवर नाफिऑनचा पातळ थर दिला. हा थर ऋणभारित. शरीरातले क जीवनसत्त्वही ऋणभारित. त्यामुळे ते दाराबाहेरच अडते आणि धनभारित डोपामिन आत येते.

आता माझ्या रुग्णाकडे येतो. साखरेच्या पट्टीतही असाच अडत्या बसवलेला असतो. विकर ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढून त्याच्या हाती देते. रक्तात क जीवनसत्त्व अफाट वाढले की तेही आपले इलेक्ट्रॉन त्याच अडत्याला देते. अडत्या मालाचे नाव विचारत नाही. यंत्र सगळी जमा साखरेच्या खात्यावर मांडते. रोजच्या आवळ्याने किंवा लिंबाने हे घडत नाही. शिरेतून दिलेल्या मोठ्या मात्रेने घडते, आणि मूत्रपिंडे अधू असतील तर परिणाम अधिक काळ टिकतो. पट्ट्यांच्या सर्वच प्रकारांत तो सारखा नसतो. म्हणून आपल्या घरी कोणी मधुमेही असेल आणि त्याने असे सलाइन घेतले असेल, तर केवळ पट्टीच्या आकड्यावर इन्सुलिन वाढवू नका. डॉक्टरांना सलाइनची गोष्ट आधी सांगा आणि रक्त प्रयोगशाळेत तपासून घ्या.

त्या रात्री घरच्यांनी फोन न करता आकड्यावर विश्वास ठेवला असता, तर काय झाले असते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याने इलेक्ट्रॉन बरोबर मोजले होते. ते कोणाचे, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते.