गोळीवर संशय कोण घेणार?

थॅलिडोमाइड पकडलं गेलं, कारण तसे खुरटलेले हातपाय घेऊन बाळं एरवी सहसा जन्मत नाहीत. तरी चार वर्षं गेलीच. पण गुडघेदुखीची गोळी घेणाऱ्या पासष्टीच्या आजोबांना हार्ट अटॅक आला तर? "वय झालं होतं, बीपी होतंच." विषय संपला.

अमेरिकेच्या एफडीएमधला डेव्हिड ग्रॅहम हेच शोधायचा. हुद्दा साथरोगतज्ज्ञाचा, काम मात्र साथींचं नाही, मंजूर झालेल्या औषधांवर नजर ठेवायचं.

मे 1999 मध्ये मर्क कंपनीची व्हायॉक्स (रोफेकॉक्सिब) आली. पोटाला त्रास कमी, म्हणून तुफान खपली. 2000 सालच्या चाचणीत नेप्रोक्सेनवाल्यांपेक्षा व्हायॉक्सवाल्यांना हार्ट अटॅक जास्त आले. कंपनीचं म्हणणं काय, तर नेप्रोक्सेनच हृदयाला जपतं! (वकिली असावी तर अशी.)

ग्रॅहमच्या टीमने कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या सुमारे 14 लाख लोकांच्या नोंदी घेतल्या. गंभीर हृदयविकाराच्या 8,143 केसेस. प्रत्येकासमोर त्याच वयाचे, पण तो त्रास न झालेले चारजण ठेवले आणि विचारलं, कोण कुठली गोळी घेत होतं? 25 मिलिग्रॅमच्या वरच्या डोसला धोका सेलेकॉक्सिबच्या साडेतीनपट निघाला. नेप्रोक्सेनचं संरक्षण? सापडलंच नाही.

30 सप्टेंबर 2004 ला मर्कने स्वतःच्याच दुसऱ्या चाचणीनंतर गोळी मागे घेतली. 18 नोव्हेंबरला ग्रॅहम सिनेटच्या समितीपुढे बसला. निष्कर्ष बदलायला वरिष्ठांनी दबाव आणला, हे त्याने सांगितलंच. पण माझ्या मते खरा मुद्दा पुढचा होता. जो विभाग औषध मंजूर करतो, तोच ते काढायचं की नाही हे ठरवतो. म्हणजे आपलीच चूक आपणच कबूल करायची. त्याच्या अंदाजाने एकट्या अमेरिकेत जादा हृदयविकाराच्या 88,000 ते 1,39,000 केसेस.

त्या दिवशी त्याने आणखी पाच औषधांची नावं घेतली. त्यातलं बेक्स्ट्रा 2005 मध्ये गेलं, मेरिडिया 2010 मध्ये. क्रेस्टॉर मात्र आजही सर्रास दिलं जातं. प्रत्येक वेळी तोच बरोबर होता असं नाही.

भारतात रोफेकॉक्सिबवर डिसेंबर 2004 मध्ये बंदी आली. 2010 पासून आपल्याकडेही औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पण तिथे नोंद होते ती कुणीतरी आपणहून कळवलं तरच, आणि कळवायला आधी संशय यावा लागतो. मेडिकलमधून "गुडघ्याची अर्धी पट्टी द्या" म्हणून चिठ्ठीशिवाय नेलेली गोळी तर कुठल्याच कागदावर नसते.