डायचं मूळ गाईच्या गोठ्यात

अँजिओग्राफीच्या टेबलावर डॉक्टर म्हणतात, "डाय सोडतोय, गरम वाटेल." या डायमधलं आयोडीन क्ष-किरण अडवतं, म्हणून रक्तवाहिनी दिसते. पण शरीराला सोसणारं आयोडीन आलं कुठून? माझं ठाम मत आहे, गाईच्या कासदाहाच्या औषधातून.

बहुतेक जण ही कुळकथा लिस्बनच्या एगाश मोनिशपासून सुरू करतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या 1927 मध्ये त्यानेच पहिल्यांदा दाखवल्या, हे खरं. पण कशाच्या जोरावर? आधी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड, त्यात रुग्ण दगावला. मग सोडियम आयोडाइड आणि पुढे थोरोट्रास्ट. थोरोट्रास्टने चित्र लख्ख यायचं, टोचताना त्रासही नसे. मात्र त्यातलं किरणोत्सारी थोरियम यकृतात जन्मभर ठाण मांडायचं आणि कित्येकांना वीस-तीस वर्षांनी कर्करोग गाठायचा. ती शाखा तिथेच खुंटली.

जगली ती बर्लिनची शाखा. तिथल्या कृषी महाविद्यालयात बिन्झ आणि रेट जंतुनाशक औषधं शोधताना पिरिडीनच्या कड्यात आयोडीन बसवत होते. त्यातलं सेलेक्टान गाईंच्या कासदाहावर वापरलं गेलं. आल्टोनाच्या रुग्णालयात डॉक्टर ते माणसांनाही देऊन पाहत होते. शिरेतून दिलेलं हे आयोडीन लघवीवाटे बाहेर पडतं, तर मूत्रपिंडाचं चित्र का मिळू नये, हे मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने हेरलं. त्यातून 1929 मध्ये युरोसेलेक्टान आलं. श्रेयावरून स्विक आणि बर्लिनचे फॉन लिख्टेनबर्ग यांच्यात जुंपली. स्विकला त्याचा मान मिळायला 1960 चं दशक उजाडलं.

आक्षेप असा, की हे मूत्रमार्गाचं औषध आणि आजच्या डायमध्ये पिरिडीन नाही, बेंझीनचं कडं आहे. पण बेंझीनकडे वळणाराही स्विकच, 1933 च्या हिप्युरानमध्ये. शिवाय आयोडीन कड्याला घट्ट बांधायचं, रक्तात विरघळवायचं आणि मूत्रपिंडाकडून बाहेर काढायचं, ही युक्ती बर्लिनचीच.

राहिली होती आग. जुने डाय क्षाररूप होते. पाण्यात त्यांचे दोन तुकडे व्हायचे आणि द्रावणाचा परासरण दाब रक्ताच्या पाचपट किंवा त्याहून जास्त व्हायचा, त्यामुळेच ती आग. स्वीडनच्या टॉर्स्टेन आल्मेनने 1969 मध्ये न तुटणारा रेणू सुचवला. आजचं आयोहेक्सॉल त्याच वाटेवरचं. जपानमधल्या तीन लाखांवर रुग्णांच्या 1990 च्या अभ्यासात गंभीर प्रतिक्रिया जुन्या डायने 0.22 टक्के, तर नव्याने 0.04 टक्के आढळल्या.

स्विकला वाट दाखवणारा गुण आजही कायम आहे. डाय मूत्रपिंडातूनच बाहेर जातो, म्हणूनच अँजिओग्राफीआधी क्रिएटिनिन तपासतात. ती तपासणी टाळू नका.