कोयत्याचे बिऱ्हाड आणि अवकाळी वादळ

कोयता हे ऊस तोडण्याचे हत्यार होय, हे कोणीही सांगेल. परंतु दक्षिण गुजरातमधील साखर कारखान्यांच्या ऊसतोडणीच्या हिशेबात कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे; कोयता म्हणजे दोन माणसे. बहुधा नवरा ऊस बुडख्याशी तोडतो. बायको त्याचे पाचट काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. दोघांच्या दिवसभराच्या कष्टातून सुमारे एक टन ऊस निघतो. नोंद एक, उचल एक, मजुरीही एकच. नवराबायको मिळून श्रमाचे एक माप झाले, असे या व्यवसायात घडले आहे.

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील चलथाण हे अशा कोयत्यांच्या चांगल्या परिचयाचे गाव. येथे सहकारी साखर कारखाना आहे. सुरतेजवळच्या उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे एक स्थानक. याच मार्गाने पुढे बारडोली, व्यारा, नवापूर आणि नंदुरबार करीत खानदेशात उतरता येते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तोपर्यंत हा सारा मुलूख एकाच मुंबई राज्यात मोडत असे. सीमारेषा आखली गेली, तरी पोटासाठी होणारी येजा तिने थांबविली नाही. उलट ती पुढे वाढतच गेली.

या वाढीचे कारण पाण्यात आहे. तापीवर १९५० नंतरच्या दशकात काकरापारचा बंधारा उभा राहिला. पुढे १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले. कालव्यांचे पाणी बारडोली, पलसाणा, कामरेज या तालुक्यांच्या काळ्या जमिनीत खेळू लागले आणि जेथे कापूस व ज्वारी डोलत असे, तेथे उसाचे मळे दाट झाले. ऊस आला तसे शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने आले. १९२८ च्या सत्याग्रहाने देशभर गाजलेली बारडोली आता साखरेसाठीही ओळखली जाऊ लागली. कालव्याने जमिनीचे भाग्य पालटले, यात शंका नाही. परंतु कालव्याचे पाणी ज्यांच्या डोंगरउतारापर्यंत पोहोचले नाही, त्यांना कामासाठी त्या पाण्यापर्यंत चालत यावे लागले.

दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रक भरू लागतात. नंदुरबार, धुळे व नाशिक जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यांतून आणि डांगातून ही कुटुंबे येतात. घरात कोणी मावची बोलते, कोणी अहिराणी, कोणी डांगी. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडावयाची असते. म्हणून हंगामाचे पाच-सहा महिने शेताच्या बांधावर वा रस्त्याच्या कडेला काढावयाचे. या मुक्कामाला तिकडे ‘पडाव’ म्हणतात. चार बांबू, वर प्लास्टिकचे कापड, बाजूला उसाचे पाचट, पुढे तीन दगडांची चूल, एवढे ते घर. खाण्यासाठी धान्य मिळते, त्याला ‘खावटी’ म्हणतात. तेही पुढे हिशेबातून कापून घेतले जाते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन हे १९६२ मध्ये दक्षिण गुजरातमध्ये प्रथम आले. बारडोली परिसरातील ऊसतोडणीचा त्यांनी केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या पडावांची स्थिती जगाच्या विद्वानांपुढे मांडली गेली.

आता या घरावर वादळ आले तर काय होते, हे पाहावयाचे. तापीच्या खोऱ्यात बर्फ पडत नाही. थंड देशांत हिमवादळ आले की माणसे दार लावून आत बसतात आणि ते शमल्यावर फावडे घेऊन बाहेर पडतात. येथे लावावयास दारच नाही. शिवाय हे संकट पावसाळ्यात येत नाही. पावसाळ्यात ही माणसे आपापल्या गावी, आपल्या छपराखाली असतात. ते येते ऐन हिवाळ्यात, हंगाम भरात असताना. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ हे चक्रीवादळ अरबी समुद्रातून कोकणावर आले. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ हे वादळ केरळ व तामिळनाडूच्या कितीतरी मच्छीमारांचा बळी घेऊन उत्तरेकडे सरकले आणि दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळ येता येता विरले. समुद्रावरचा त्याचा जोर ओसरला होता. तरी मुंबईपासून सुरतेपर्यंत भर डिसेंबरात पाऊस कोसळला. त्या वेळी गुजरातेत निवडणुकीची धामधूम होती. काही सभा रद्द कराव्या लागल्या आणि ती वार्ता झाली. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी तर अवकाळी पावसाबरोबर विजा कोसळल्या आणि गुजरातेत वीसहून अधिक माणसे दगावली.

असा पाऊस रात्री सुरू झाला की कोयत्याच्या दोन्ही भागीदारांची कामे आपोआप वाटली जातात. एकाने बांबू धरून ठेवावयाचा आणि कापड उडू नये म्हणून त्याच्या कडांवर दगड रचावयाचे. दुसरीने मूल, पीठ आणि आगपेटी ही तीन कोरडी ठेवावयाची. अंथरूण भिजले तर अंग आखडते, पीठ भिजले तर उद्याची भाकर जाते, आगपेटी भिजली तर असलेल्या पिठाचीही भाकर होत नाही. रात्र सरते ती जागून.

सकाळी आवराआवर सुरू होते. झोपडीभोवती चर खणून पाणी काढून द्यावयाचे, चिखलावर पाचट पसरावयाचे, पण पाचटही ओलेच असते. वाहून गेलेली चूल नव्या मातीने पुन्हा थापावयाची. गोधड्या उसाच्या धुऱ्यावर वाळत घालावयाच्या. फाटलेल्या कापडाच्या जागी नवे आणावयाचे, तर पैसे मुकादमाकडे मागावयाचे. म्हणजे उचलीत आणखी भर. इकडे काळी जमीन इतकी चिकट होते की ट्रक व बैलगाड्या रुततात आणि तोड थांबते. मजुरी टनावर असल्यामुळे तोड थांबली की मजुरीही थांबते. खावटी मात्र चालूच राहते. आधीच तुटलेला ऊस गाळपाला वेळेवर गेला नाही तर त्याचे वजन घटते आणि साखरही उतरते. हे नुकसान कारखान्याच्या व बागाइतदाराच्या हिशेबात मांडले जाते. चूल पुन्हा घालण्याच्या श्रमाला मात्र कोणत्याच वहीत रकाना नाही.

वादळानंतरची आवराआवर वस्तुतः दोन प्रकारची असते. एक घरातली, ती दोन दिवसांत उरकते. दुसरी समाजाने करावयाची, तिला वर्षे लागतात. मार्च १८८८ मध्ये न्यूयॉर्क शहर प्रचंड हिमवादळाने गाडले गेले. रस्त्यांवरचा बर्फ लोकांनी फावड्यांनी उपसला; पण शहर तेवढ्यावर थांबले नाही. खांबांवरच्या तारा जमिनीखाली नेण्याच्या कामाला वेग आला, भुयारी रेल्वेच्या मागणीला बळ मिळाले आणि १९०४ मध्ये ती रेल्वे धावू लागली. एका वादळाने जे उघडे पाडले, ते शहराने पुढच्या वादळापूर्वी झाकण्याचा यत्न केला.

ऊसतोडणीच्या मुलुखात पहिली आवराआवर दर वेळी बिनबोभाट पार पडते; दुसरी रेंगाळत राहिली. परराज्यातून आणलेल्या कामगारांच्या निवासाची सोय करण्याची जबाबदारी १९७९ च्या केंद्रीय कायद्याने ठेकेदारावर टाकली होती. कामगार संघटनांच्या पाठपुराव्यानंतर अलीकडे गुजरात सरकारने तोडणीचा टनामागील किमान दरही वाढविला. ही पावले मोलाचीच. परंतु वाढीव दर पाऊस थांबेपर्यंत हाती पडत नाही, आणि कायद्यातील निवास हा कागदावर कोरडा असून भागत नाही. उंच जोते, पक्के छप्पर, धान्याला एक कोरडा कोपरा आणि तोड बंद पडलेल्या दिवसांची काही भरपाई, एवढ्याने त्या रात्रीचे रूप बदलू शकते. ज्या प्रदेशाने बंधारे बांधले, कालवे खणले आणि सहकारी कारखाने उभारले, त्या प्रदेशाला हे काम अवघड असू नये.

पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांत जमीन आवळते. चिखल पुरता वाळण्यापूर्वीच फडात कोयत्याचा आवाज पुन्हा सुरू होतो, मोळ्या बांधल्या जातात आणि चलथाणच्या वाटेवर उसाची वाहने लागतात. त्या दिवशीच्या नोंदीत इतके कोयते, इतके टन असे आकडे येतात. त्यांतल्या प्रत्येक कोयत्यामागे दोन माणसांनी जागून काढलेली एक रात्र असते.